कोड: डाग जायची वाट न बघता बाहेर कसं पडायचं?

रानजाई

कोडावरचे धागे बहुतेक "औषध सांगा"ने सुरू होतात आणि "अमक्या गावच्या वैद्यांकडे जा"वर संपतात. हा तसा नाही. डाग आहेत, काही जातील, काही राहतील. मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून लोकलमध्ये घामाघूम व्हायचं की नाही, एवढाच इथला प्रश्न आहे.

"आहे तसं स्वतःला स्वीकारा" हे ऐकून आजवर कुणाची बाही वर गेलेली नाही. म्हणून मोजता येईल अशा गोष्टीपासून सुरुवात करू. एक आठवडाभर वहीत रोज तीनच नोंदी करायच्या: डाग झाकण्यात किती मिनिटं गेली, डाग बघायला आरशासमोर किती वेळा गेलो, आणि डागांपायी काय टाळलं (पोहणं, फोटो, बारसं, मुलाखत). या नोंदी कमी होत जाणं, याला मी स्वीकार म्हणते. मनाला काय वाटतं ते मागून बदलतं. काहींचं फारसं बदलत नाही, तरी नोंदी कमी होतात.

दुसऱ्या आठवड्यात जिना करायचा. टाळलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे भीतीचा आकडा लिहायचा, ० ते १०. हातावर डाग असतील तर साधारण असा होतो:

२: घरात कुणी बाहेरचं नसताना अर्ध्या बाह्या
३: त्याच कपड्यांत कचरा टाकायला खाली जाणं
४: ओळखीच्या वाण्याकडे जाणं आणि पैसे गल्ल्यावर न ठेवता हातात देणं
५: मंडईत वीस मिनिटं, भाजी स्वतः निवडून
७: कामाच्या ठिकाणी एक पूर्ण दिवस
९: हळदीकुंकू किंवा लग्न

हळदीकुंकू एवढं वर का, हे बाहेरच्याला कळत नाही. तिथे हात पुढे करावाच लागतो. समोरची बाई एक एक करत हळद, कुंकू, अत्तर लावते, आणि तेवढा वेळ तिचे डोळे तुमच्या मनगटावरच असतात. शिवाय ती मागाहून कुणाशी काय बोलेल याचा हिशेब डोक्यात चालू. या पायरीला तीन महिने लागले तरी घाई नाही.

एक पायरी तीन ते पाच वेळा करायची आणि आकडा निम्म्यावर आला की वरची. दरवेळी भीती उतरायला लागेपर्यंत तिथेच थांबायचं. बहुतेकांना वीस ते चाळीस मिनिटं लागतात. भीती शिगेला असताना पळ काढला तर मन एवढंच शिकतं की पळालो म्हणून वाचलो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे अर्धवट लपवणं. बाह्या अर्ध्या, पण हात पाठीमागे, किंवा पर्स छातीशी धरलेली. त्यानं पायरी मोजली जाते, फायदा काही होत नाही.

मध्यमपदलोपी

पद्धत पटली. पण लोक टक लावून बघतात ही कल्पना नव्हे, खरंच बघतात. वहीनं ते खोटं कसं ठरेल?

रानजाई

खोटं ठरवायचंच नाही. निघण्याआधी अंदाज लिहायचा: "वीस मिनिटांत दहा जण रोखून बघतील, दोघं विचारतील." परत आल्यावर झालं ते लिहायचं. रोखून म्हणजे दोन सेकंदांपेक्षा जास्त. नजर पडून सरकली ती धरायची नाही. आकडा शून्य येणार नाही. पण लिहिलेल्या दहापेक्षा तो बहुधा कमी येतो, आणि फरक डोळ्यांनी दिसतो.

मोजताना लक्ष बाहेर हवं. मान खाली घालून चाललं की कोण बघतंय हे मन स्वतःच भरून काढतं. भाज्यांचे भाव पाठ करत चाला, दुकानांच्या पाट्या वाचा, काहीही.

सालपट

त्वचारोग विभागात रोज याच प्रश्नांशी गाठ पडते म्हणून थोडी भर. कुठले डाग राहण्याची शक्यता जास्त आहे हे आधी ओळखा आणि जिना त्या डागांपासून सुरू करा. नाहीतर माणूस चेहऱ्याचा डाग भरण्याची वाट बघत बोटांच्या डागासाठीही थांबून राहतो.

ओळखायचं कसं? कोडात रंग बनवणाऱ्या पेशींवर आपलीच प्रतिकारशक्ती हल्ला करते. रंग परत येतो तो मुख्यतः केसाच्या मुळाशी उरलेल्या पेशींतून. म्हणून भरणाऱ्या डागात आधी केसांभोवती तपकिरी ठिपके दिसतात, मग ते एकमेकांना मिळतात. बोटांची टोकं, ओठ, तळहात इथे केसच नाहीत, त्यामुळे रंग यायला जागा नाही. डागावरचे केस पांढरे झाले असतील तर तीच अडचण. चेहरा आणि मान सगळ्यांत चांगलं भरतात.

नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे ठरावीक अतिनील किरणांचा दवाखान्यातला उपचार, घेत असाल तर आठवड्यात दोन-तीन बैठका असतात, लागोपाठच्या दिवशी नाही. १०-१५ बैठकांनंतर "काही होत नाही" म्हणून सोडणारे फार. निदान ४८, आणि शक्य तर ७२ बैठकांआधी निकाल लावू नये, कारण काहींची त्वचा उशिरा दाद देते. म्हणजे सहा ते नऊ महिने. तालुक्याहून जिल्ह्याला दोनदा येणाऱ्या माणसानं एसटीचं भाडं आणि बुडणारा रोज धरून ही मुदत आधीच डॉक्टरांशी ठरवावी. मुदत ठरलेली असली की उपचार चालू ठेवूनही आयुष्य थांबत नाही. मुदत नसली की प्रत्येक लग्न, प्रत्येक नोकरी "डाग गेल्यावर"च्या खात्यात जमा होते.

आणि रोज भिंग घेऊन कडा तपासू नका. महिन्याच्या १ तारखेला, त्याच खिडकीपाशी, तेवढ्याच अंतरावरून, डागाशेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा. तीन महिन्यांचे फोटो शेजारी लावले की डाग वाढतोय, थांबलाय की भरतोय हे डॉक्टरांनाही कळतं. डाग निदान एक वर्ष स्थिर असल्याशिवाय डागावर चांगल्या त्वचेचं कलम लावायची शस्त्रक्रिया करत नाहीत, तिथे हेच फोटो कामी येतात.

गिरणगाव

आरशाचं काय करायचं? बघायचाच नाही का?

सालपट

बघायचा, पण हातभर अंतरावरून आणि दिवसाउजेडी. नाक आरशाला चिकटवून डाग शोधला की फक्त डागच दिसतो, माणूस दिसत नाही. दोन मिनिटं पूर्ण शरीर वरून खाली बघायचं आणि दिसेल ते मोठ्यानं, पंचनाम्यासारखं बोलायचं: "डाव्या मनगटावर पांढरा डाग, बांगडीच्या रुंदीचा, कड वाकडी. त्याखाली तीळ. कोपर कोरडं." "घाण", "भयानक", "बिचारा" हे शब्द आले की वाक्य पुन्हा म्हणायचं. विचित्र वाटतं, पण दोन आठवड्यांत चाल बसते.

रंगपेटी

आता मी थोडी अप्रिय बाजू घेते. रंग लावून डाग झाकणं म्हणजे पळपुटेपणा, असा सूर या धाग्यात येण्याआधीच सांगते की तो चुकीचा आहे. लिपस्टिक लावणाऱ्या बाईला कुणी "ओठांचा स्वीकार कर" सांगत नाही. प्रश्न एवढाच की रंगाशिवाय दार ओलांडता येतं का. येत असेल तर रोज लावा. येत नसेल तर आठवड्यातले दोन दिवस रंगाविना ठरवून ठेवा आणि ते जिन्यात लिहा.

लावायची पद्धत, कारण नव्वद टक्के तक्रारी पद्धतीच्या असतात:

झाकणाऱ्या क्रीमची छटा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली निवडू नका. दारात या, उन्हाच्या उजेडात डागाच्या कडेला लावून बघा. हाताची आणि चेहऱ्याची छटा जवळजवळ कधीच एक नसते, उन्हाळ्यातली आणि पावसाळ्यातलीही नसते. रुपयाएवढ्या डागाला मुगाच्या दाण्याएवढं क्रीम पुरतं. अनामिकेनं थोपटायचं, चोळायचं नाही. कडेच्या बाहेर अर्धा सेंटीमीटर विरवत न्यायचं. वर पावडर भरपूर दाबायची, पाच-दहा मिनिटं तशीच ठेवून मऊ ब्रशनं झटकायची. ही दहा मिनिटं जे गाळतात त्यांचा रंग शर्टाच्या कॉलरला लागतो. रात्री तेलानं भिजवून पुसायचं. घासलं तर त्वचा दुखावते, आणि कोडात दुखावलेल्या जागी नवा डाग उठू शकतो.

दुसरा प्रकार डायहायड्रॉक्सीअॅसिटोनचा, म्हणजे त्वचेच्या वरच्या मृत थराशी संयोग होऊन तपकिरी होणारं द्रावण. आदल्या दिवशी काखेजवळ किंचित लावून खाज येते का बघा. मग डागाभोवतीच्या चांगल्या त्वचेवर व्हॅसलिनची बारीक कड ओढा, कापसाच्या काडीनं फक्त डागावर द्रावण लावा, पंधरा मिनिटं वाळू द्या, हात लगेच धुवा. रंग चढायला चार ते आठ तास लागतात, म्हणून रात्री लावलेलं बरं. पाण्यानं जात नाही, कातडी झडेल तसा चार-पाच दिवसांत फिका होतो. बोटांच्या पेरांवर आणि कोपरावर जास्त गडद बसतो, तिथे कमी लावा. सावळ्या त्वचेवर एकदाच लावलं तर नारिंगी झाक राहते, काही तासांच्या अंतरानं पुन्हा एकदा लावावं लागतं. यानं उन्हापासून संरक्षण अजिबात मिळत नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं.

सालपट

उन्हाचं बरं आठवलं. डागात रंग नसल्यानं तो भाग लवकर भाजतो. एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन, चेहरा-मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं, दोन्ही हातांच्या पाठींना मिळून एका बोटाएवढं, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. आणखी एक फायदा असा की आजूबाजूची त्वचा रापत नाही, त्यामुळे डाग उठून दिसत नाही. उपचारात ऊन घ्यायला सांगितलं असेल तर मात्र डॉक्टरांचंच ऐका.

बावचीचं तेल लावून टळटळीत उन्हात बसू नका. बावचीत सोरालेन असतं, त्यानं त्वचा उन्हाला हळवी होते. मोठे फोड येऊन आलेले रुग्ण काही कमी नाहीत, आणि फोड बरा होताना डाग वाढलेलेही दिसतात.

गिरणगाव

लोकलमध्ये अनोळखी माणूस पत्ता लिहिलेली चिठ्ठी देतो, "तिकडे जा, शंभर टक्के गॅरंटी". त्याला काय उत्तर द्यायचं? भांडायची ताकद रोज नसते.

रानजाई

ब्रिटनमध्ये जेम्स पार्ट्रिज यांनी १९९२ साली 'चेंजिंग फेसेस' ही संस्था काढली. ते स्वतः भाजल्यामुळे चेहरा बदललेले गृहस्थ होते. तिथे शिकवतात ती तीन टप्प्यांची रीत चांगली आहे: काय आहे ते सांगा, धीर द्या, विषय वळवा. मराठीत: "कोड आहे. एकाचं दुसऱ्याला होत नाही. ही गाडी घाटकोपरला थांबते ना?" सगळं मिळून पाच सेकंद. घरी मोठ्यानं वीस वेळा म्हणून ठेवा, कारण ऐन वेळी घसा कोरडा पडतो आणि माणूस एक तर माफी मागितल्यासारखा बोलतो, नाहीतर अंगावर जातो.

आपल्याकडे विषय वळवून भागत नाही, समोरचा पुन्हा गॅरंटीवर येतो. म्हणून चौथं वाक्य: "डॉक्टरांचं चालू आहे, धन्यवाद." औषध चालू नसलं तरी हेच म्हणा. "उपचार घेत नाही" म्हटलं की ठाण्यापर्यंत प्रवचन. चिठ्ठी घ्या, खिशात टाका. वादापेक्षा स्वस्त पडतं.

नातेवाइकांसाठी वेगळं. "काकू, औषधाचं मी बघते. तुमच्या गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर?" हे अजून फसलेलं ऐकलं नाही.

कलमबारा

गॅरंटीवरून: 'ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज' कायदा १९५४ चा आहे. ज्या रोगांवर इलाज करतो अशी जाहिरात करायलाच बंदी आहे, त्यांच्या यादीत ल्युकोडर्मा, म्हणजे आपलं कोड, नावानिशी आहे. रुळांकडेच्या भिंतींवरच्या त्या "सफेद दाग" जाहिराती त्यात सरळ बसतात.

लग्नाबाबत दोन गोष्टी. कोड हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात कधीच नव्हतं. होता तो कुष्ठरोग, आणि तोही २०१९ च्या दुरुस्तीनं काढला. पण लपवून लग्न करू नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ मध्ये महत्त्वाची बाब लपवून संमती मिळवली तर विवाह रद्द करण्याचा अर्ज करता येतो, फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत. कोर्टाचा निकाल कसाही लागो, त्या वर्षात घरातलं जे व्हायचं ते होऊन जातं. त्यामुळे पहिल्या फोनवरच, पत्रिका आणि पगाराच्या ओळीतच सांगा: "कोड आहे, हातावर आणि पायावर." कांदेपोह्यांच्या दिवशी पदराखाली हात लपवून बसण्यापेक्षा चार स्थळं फोनवर गेलेली बरी.

मध्यमपदलोपी

आणि "मुलांना होईल" हा पुढचा प्रश्न येतोच.

सालपट

आई किंवा वडिलांना कोड असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात पाच-सहाच्या आसपास. जनुकं तंतोतंत सारखी असलेल्या जुळ्यांतही एकाला असताना दुसऱ्याला असण्याचं प्रमाण २३ टक्केच सापडलं, म्हणजे एकटी जनुकं ठरवत नाहीत. आकडा विचारला तर आकडा सांगावा, "काही नाही हो" म्हणू नये. तसं म्हटलं की समोरच्याला दडवल्यासारखं वाटतं.

दूध आणि मासे एकत्र खाल्ल्यानं कोड होत नाही. आंबट बंद केल्यानं जात नाही. घरात एकट्याचं ताट वेगळं वाढलं जाणं, हे त्या पथ्याचं खरं नुकसान. थायरॉइडची तपासणी मात्र करून घ्या, कारण कोडासोबत तो त्रास नेहमीपेक्षा जास्त आढळतो.

खडूफळा

शाळेबद्दल. मुलाच्या तोंडी एकच वाक्य द्या: "इथला रंग गेलाय. दुखत नाही, तुला होणार नाही. चल, डाव कुणावर?" घरी आई-बाबांनी खोडकर मुलाचं सोंग घेऊन हे खेळायचं, पाच-सहा वेळा.

वर्गशिक्षकांना जूनमध्येच अर्धं पान लिहून द्या: हे काय आहे, संसर्गजन्य नाही, मैदानावर सनस्क्रीन लागेल, खरचटलं तर लक्ष ठेवा, कुणी चिडवलं तर आम्हाला कळवा. खाली मुलाला काय चालेल आणि काय नाही तेही. शिक्षकांची हमखास होणारी चूक म्हणजे मुलाला फळ्यापुढे उभं करून वर्गाला "याला हसायचं नाही" असं सांगणं. हेतू चांगला असतो, पण मूल त्या दिवसापासून शेवटच्या बाकावर जातं. वर्गाला सांगायचंच असेल तर त्वचेच्या धड्यात, नाव न घेता, आणि मुलाला आधी विचारून.

स्नेहसंमेलनाच्या फोटोत डाग पुसून देणारे छायाचित्रकार असतात. "पुसू नका" हे त्यांना आधीच सांगावं लागतं.

चिंचोका

शब्दाबद्दल कुणी बोललं नाही. "कोड" म्हणायचं की "श्वेतत्वचा"? कोड ऐकलं की लोक दोन पावलं मागे सरकतात.

मध्यमपदलोपी

मागे सरकतात त्यात शब्दाची फारशी चूक नाही, शेजारच्या शब्दाची आहे. हिंदीत "कोढ़" म्हणजे कुष्ठरोग. मराठीत "कोड" म्हणजे पांढरे डाग. मूळ दोन्हींचं संस्कृत "कुष्ठ". त्यात कुणी "पांढरं कुष्ठ" म्हटलं की झालंच. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट असतो आणि तिथे स्पर्श कळत नाही. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा, आणि स्पर्श पूर्ण कळतो. (कोडकौतुकातलं कोड निराळं, घोळ नको.)

माझं मत: ज्याच्या अंगावर आहे त्याने शब्द निवडावा, बाकीच्यांनी तोच वापरावा. "श्वेतत्वचा" म्हटल्यावर मंडईत पुन्हा समजावत बसावं लागतं, म्हणून बरेच जण कोडच म्हणतात.

रानजाई

सहमत. २५ जूनच्या जागतिक दिनाला फिरणाऱ्या मॉडेलांच्या फोटोंबद्दलही एक. दोन्ही गालांवर नेमके सारखे डाग असलेली तरुण मुलगी बघून काहींना बळ येतं. पण एकाच पावलावर, एकाच पापणीवर डाग असलेल्या पन्नाशीच्या माणसाला "आपलं तर तसंही सुंदर नाही" असं वाटायची शक्यता असते. जिना चढायला सुंदर दिसण्याची अट नाही.

चिंचोका

शेवटची शंका. टिकलीच्या जागी कपाळावर पांढरं दिसतंय, टिकलीच्याच आकाराचं. हे कोडच का?

सालपट

टिकलीच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल असू शकतं. ते रंगपेशींना मारक आहे. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पायावर इंग्रजी व्हीच्या आकाराचा डाग येतो, तोही रबरातल्या अशाच रसायनांचा. टिकली आजपासून बंद, जागा बदलून लावणंही बंद. त्वचारोगतज्ज्ञ दिव्याखाली बघून आणखी कुठे डाग आहेत का तपासतील. नुसत्या रसायनाचा असेल आणि लवकर थांबलात तर भरण्याची शक्यता चांगली असते. आधीपासून कोड असेल तर टिकली, घट्ट नाडी, रुतणारी बांगडी, घड्याळाचा आवळ पट्टा हे सगळंच सैल करा. घर्षणाच्या जागी नवे डाग उठतात.

चिंचोका

कपाळ मोकळं ठेवलं की सासूबाई विचारतील.

रंगपेटी

मेण आणि पिंजर ही जुनी रीत आहे, पण डाग ताजा असताना तेही नको, कुंकवाच्या रंगांचाही काहींना त्रास होतो. महिनाभर ओल्या चंदनाचं बोट लावा, खाज आली तर तेही पुसून टाका. आणि सासूबाईंची टिकली कुठली आहे तेही बघून घ्या.